अ‍ॅलोपेशिया निओप्लास्टिका

शरीरात दुसरीकडे झालेला कर्करोग डोक्याच्या त्वचेत पसरून तिथले केस जाणे, याला अ‍ॅलोपेशिया निओप्लास्टिका म्हणतात. प्रकार दुर्मीळ आहे. सर्वाधिक रुग्ण स्तनाच्या कर्करोगाचे. जठर, फुप्फुस, मूत्रपिंड, मोठे आतडे यांच्या कर्करोगातही तो आढळतो. मूळ उपचार होऊन बरीच वर्षे लोटल्यावरही चट्टा उमटतो; क्वचित तोच रोगाची पहिली खूण ठरतो.

कर्कपेशी रक्तातून किंवा लसिकेतून येऊन केसांच्या मुळांभोवती शिरतात. तिथे घट्ट तंतुमय ऊती वाढते आणि मुळे नष्ट होतात. केमोथेरपीची केसगळती निराळी: ती पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ४ आठवड्यांत सुरू होते, डोकेभर असते आणि केस बहुधा परत येतात.

खरी गल्लत चाईशी, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाण्याच्या आजाराशी होते. बडोद्याच्या मराठी घरांत गोल चट्टा दिसला की चाई समजून लसूण चोळतात. गुजराती शेजारी तिलाच उंदरी म्हणतात. चाईत कातडी मऊ राहते, केसांची छिद्रे दिसतात, कडेला मुळाशी बारीक झालेले तुटके केस असतात. अ‍ॅलोपेशिया निओप्लास्टिकात मात्र चट्टा गुलाबी किंवा लालसर, गुळगुळीत, छिद्रे बुजलेली. चिमटीत धरून पाहावे: कातडी जाड, कडक लागते, नीट उचलली जात नाही. बहुधा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून महिने वाया जातात. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाने असा चट्टा तेल-मलमावर मुळीच ठेवू नये.

निदान बायॉप्सीनेच, म्हणजे कातडीचा तुकडा तपासूनच होते. जागा बधिर करून ४ मिमीच्या पंचने (गोल पात्याच्या छोट्या हत्याराने) कडक भागातून, खालच्या चरबीपर्यंत तुकडा घेतात. तो वरवरचा निघाला तर खोलवरच्या पेशी हुकतात. टाका साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. बडोद्याच्या सरकारी एसएसजी (सर सयाजीराव) रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा किंवा खासगीत, जुनी फाइल न्यावी. आधीचे उपचार मुंबईला झाले असतील तर तिथला पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) क्रमांकही. तपासणीच्या फॉर्मवर ‘पूर्वी स्तनाचा कर्करोग’ एवढे लिहिलेले नसेल, तर विरळ विखुरलेल्या पेशी नजरेतून सुटून ‘व्रण’ (नुसती जुनी खूण) असा रिपोर्ट येऊ शकतो. स्तनाचा कर्करोग असल्यास ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशीवरील एक प्रथिन) या चाचण्या नव्या तुकड्यावर पुन्हा करतात, कारण निकाल मूळ गाठीपेक्षा बदललेला असू शकतो.

पुढे रोग आणखी कुठे पसरला ते पाहायला सीटी किंवा पेट स्कॅन. उपचार मूळ कर्करोगाचे. चट्टा चिघळत असेल तर त्या जागी रेडिएशन. केस वाढवायचे औषध मिनॉक्सिडिल किंवा चाईवरची स्टेरॉइड इंजेक्शने रोग थांबवत नाहीत, आणि नष्ट झालेल्या मुळांतून केस क्वचितच उगवतात.