मस्ट, माइट आणि कान्ट: सराव मिसळूनच का करावा

केंब्रिजच्या ‘बी१ प्रिलिमिनरी’ या इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाच्या पेपरचा सहावा भाग दिसायला सोपा असतो. एक छोटा उतारा, त्यात ६ गाळलेल्या जागा आणि प्रत्येक जागी एकच शब्द. पर्याय दिलेले नसतात. अशा जागी मोडल क्रियापद, म्हणजे सक्ती, परवानगी, शक्यता असं काही सांगणारं सहायक क्रियापद आलं, की एरवी व्याकरणात पक्के असलेले विद्यार्थीही थबकतात. ‘मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे क्षमता’ हा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. पण तक्ता शब्दाकडून अर्थाकडे नेतो आणि परीक्षा नेमकी उलट वाट चालायला लावते. समोर प्रसंग असतो, शब्द स्वतः शोधायचा असतो, तोही एकमेकांच्या जवळच्या चार-पाच शब्दांतून. माझं ठाम मत आहे, की आपल्याकडे सराव करून घेतला जातो तो शब्द ओळखण्याचा. निवडण्याचा सराव जवळजवळ होतच नाही.

आधी या शब्दांचा स्वभाव पाहू. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही मुख्य नऊ मोडल क्रियापदं. ‘ही’ किंवा ‘शी’नंतर यांना ‘एस’ का लागत नाही, असा प्रश्न मुलं विचारतात आणि ‘नियमच आहे’ असं उत्तर मिळतं. खरं कारण इतिहासात आहे. कॅन, मे, शॅल यांची आजची वर्तमानकाळी रूपं फार जुन्या काळी भूतकाळाच्या घडणीची होती, आणि त्या घडणीत तृतीय पुरुषाचा तो प्रत्यय नव्हताच. ‘मस्ट’ तर जुन्या इंग्रजीतल्या ‘मोतान’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. ते पुढे वर्तमानकाळासाठी रुळलं आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. म्हणून ‘काल जावं लागलं’ सांगायला ‘हॅड टू’ची मदत घ्यावी लागते.

अर्थाची गुंतागुंत याहून रंजक आहे. ‘यू मस्ट बी होम बाय टेन’ आणि ‘यू मस्ट बी टायर्ड’ या दोन वाक्यांत ‘मस्ट’ एकच, पण पहिल्यात हुकूम आहे आणि दुसऱ्यात अंदाज. अँगेलिका क्रात्झर या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९७७ मध्ये याची फार सुंदर उकल मांडली. तिच्या मते ‘मस्ट’चे दोन वेगळे अर्थ मानायची गरज नाही. अर्थ एकच, ‘यातून सुटका नाही’. बदलते ती पार्श्वभूमी. घरचे नियम लक्षात घेतले तर सुटका नाही, म्हणून हुकूम. समोरचा पुरावा लक्षात घेतला तर दुसरा निष्कर्षच निघत नाही, म्हणून अंदाज.

मराठीत ही दोन कामं वेगवेगळी रूपं करतात. ‘दहापर्यंत घरी यायलाच हवं’ आणि ‘दमला असशील’. शाळेत ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ एवढंच मनात बसलं, की दुसरा उपयोग डोळ्यांसमोर असूनही सुचत नाही. त्याची जोडी मराठीतल्या ‘असणार’शी लावून दिली, की तो पटकन हाताशी येतो.

खरी कसोटी नकारात लागते. ‘यू मस्ट नॉट ओपन इट’ म्हणजे उघडता कामा नये. ‘यू डोन्ट हॅव टू ओपन इट’ म्हणजे उघडायची गरज नाही. उघडलं तरी बिघडत नाही. हा फरक मराठी माणसाच्या कानात आधीपासून आहे, त्यामुळे इथे मराठीचा आधार निर्धास्त घ्यावा. अंदाजाच्या बाबतीत मात्र तोच आधार दगा देतो. ‘तो घरी असणार’चा नकार आपण सहज ‘तो घरी नसणार’ असा करतो, आणि त्याच चालीवर इंग्रजीत ‘मस्ट नॉट बी’ तोंडात येतं. परीक्षेला हवं असतं ‘ही कान्ट बी ॲट होम’. यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. एखादी गोष्ट नसणं अटळ असेल, तर ती असणं अशक्य असतं. इंग्रजीने यातली अशक्यतेची बाजू उचलली, मराठीने अटळतेची. पुढच्या पातळीच्या ‘बी२ फर्स्ट’मध्ये दिलेला शब्द वापरून वाक्य फिरवायचा प्रश्न असतो. तिथे ‘त्याने किल्ली घेतली नाही याची मला खात्री आहे’ या अर्थाच्या वाक्याचं ‘ही कान्ट हॅव टेकन द की’ करता यायला लागतं.

आता सरावाकडे. बहुतेक पुस्तकांत एका धड्यात फक्त ‘मस्ट’, पुढच्यात फक्त ‘शुड’ अशी मांडणी असते. दहा वाक्यं एकाच शब्दाची असली, की तिसऱ्या वाक्यापासून विचार करावाच लागत नाही. उत्तरं बरोबर येतात आणि आत्मविश्वास वाढतो. पण तो फसवा असू शकतो. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १२ चित्रकारांची चित्रं दाखवली. काही चित्रकारांची सलग, काहींची सरमिसळ करून. नंतर नवं चित्र कोणाचं हे ओळखताना सरमिसळ केलेली जास्त उपयोगी पडली. तरीही बहुतेकांना सलग पाहणंच चांगलं वाटत होतं.

चित्रांवरून व्याकरणाबद्दल घाईने बोलू नये, हे खरं. पण २०१९ मध्ये तात्सुया नाकाता आणि युइची सुझुकी यांनी इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांबरोबर व्याकरणाचेच स्वाध्याय घेऊन पाहिले. सराव चालू असताना मिसळून सोडवणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे होते. सरावात होणाऱ्या चुका पाहून पालक आणि शिक्षक घाबरतात, मिसळलेला स्वाध्याय ‘अवघड’ म्हणून बाजूला ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या अडखळण्यातच दोन शब्दांमधला फरक मेंदू तपासत असतो.

नुसतं वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याची ताकदही मोजली गेली आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री तक्ता वाचून जे ‘येतंय’ असं वाटतं, त्यावर फार विसंबू नये. दोन सरावांमध्ये काही दिवसांचं अंतर ठेवलं तर आणखी टिकतं.

यातून घरच्या घरी करता येईल असा एक स्वाध्याय निघतो, आणि मी तो आवर्जून सुचवते. एकच प्रसंग घ्या आणि पुरावा बदलत जा. शेजारच्या घरात दिवा लागलाय, टीव्हीचा आवाज येतोय: ‘दे मस्ट बी ॲट होम’. दिवा आहे, आवाज नाही: ‘दे माइट बी’. दाराला कुलूप आहे, अंगणात गाडी नाही: ‘दे कान्ट बी’. मग मध्येच नियम घाला: बाळ झोपलंय, बेल वाजवायची नाही, ‘यू मस्ट नॉट’. बेलची गरज नाही, दार उघडंच आहे. ‘यू डोन्ट हॅव टू’. प्रसंग मराठीत चिठ्ठ्यांवर लिहावेत, चिठ्ठ्या पिसाव्यात आणि इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणावं. उत्तर मागच्या बाजूला लिहिलेलं असावं, पण आधी म्हणायचं, मग उलटायचं. चुकलेली चिठ्ठी लगेच पुन्हा न घेता गठ्ठ्यात खाली सरकवावी.

‘बी१’च्या तोंडी परीक्षेत एका रंगीत फोटोचं साधारण मिनिटभर वर्णन करायचं असतं. तिथे ‘धिस इज अ मॅन’ची मालिका लावण्याऐवजी ‘त्याच्या हातात बॅगा आहेत, तेव्हा तो प्रवासाला निघाला असेल’ असं पुराव्यानिशी बोलता आलं, तर भाषा एकदम भरीव होते. रोजच्या वर्तमानपत्रातला एखादा फोटो त्यासाठी पुरतो. मथळा झाकायचा, फोटोवरून तीन अंदाज इंग्रजीत म्हणायचे आणि मग मथळा उघडून कोणता ‘मस्ट’ खरं तर ‘माइट’ असायला हवा होता ते पाहायचं.