प्युरिटनांच्या घरातली उपासना

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. त्यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे नगर भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतली, म्हणजे प्युरिटनांच्या, चर्च शास्त्राप्रमाणे शुद्ध व्हावं म्हणणाऱ्या जुन्या इंग्लिश ख्रिस्ती लोकांच्या, थेट परंपरेतली. हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलेलं पुस्तकही मूळचं जॉन बन्यनचं, उपदेश थांबवायला नकार दिला म्हणून १२ वर्षं तुरुंगात राहिलेल्या माणसाचं. तेव्हा प्युरिटनांकडून काय शिकावं, हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याच घरातली जुनी पेटी उघडण्यासारखं आहे ते.

'प्युरिटन' ही मुळात शिवी होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५५९ च्या कायद्याने सगळ्या इंग्लंडला एकच प्रार्थनापुस्तक लागू झालं. रोमच्या पोपशी नातं तुटलं होतं, पण पाळकांचे झगे आणि बरेचसे विधी जुनेच राहिले. जे शास्त्रात नाही ते उपासनेत कशाला, असं विचारणाऱ्यांना लोक चिडवू लागले: आले मोठे सोवळे! १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत जेम्स राजाने त्यांच्या बहुतेक मागण्या धुडकावल्या. मान्य केलेली मोठी गोष्ट एकच, बायबलचं नवं भाषांतर. ते १६११ मध्ये छापून निघालं. पुढे काहीजण समुद्र ओलांडून अमेरिकेत, १६२० मध्ये प्लिमथला आणि १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेले, बाकीचे इंग्लंडमध्येच राहिले.

राहिलेल्यांत रिचर्ड बॅक्स्टर हा पाळक होता. त्याची मंडळी किडरमिन्स्टरला, विणकरांच्या गावात. मागावर समोर पुस्तक ठेवून काम करता करता वाचता येतं, म्हणून हा धंदा त्याला फार सोयीचा वाटे. त्याच्या हद्दीत ८०० वर कुटुंबं होती. सोमवारी आणि मंगळवारी, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, तो आणि त्याचा सहायक एकेका कुटुंबाला वेगळं घेऊन बसत. आठवड्याला १५-१६ कुटुंबं, म्हणजे वर्षभरात सगळी मंडळी. आधी धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतले प्रश्न विचारायचे, मग मनातलं बोलायचं. त्याने लिहून ठेवलंय की काही माणसं १० वर्षं उपदेश ऐकून जे समजली नव्हती, ते अर्ध्या तासाच्या जवळच्या बोलण्यात समजली. तो आला तेव्हा एका गल्लीत जेमतेम एखादं घर देवाचं नाव घेत होतं. पुढे रविवारी त्याच गल्ल्यांतून घराघरातून स्तोत्रं ऐकू येऊ लागली.

माझ्या मते प्युरिटनांचं खरं बळ इथे आहे. त्यांचे जाडजूड ग्रंथ आज पुन्हा छापले जातात, वाचले जातात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यांच्या लेखी प्रत्येक घर ही एक छोटी मंडळी होती आणि घरातल्या मोठ्या माणसावर तिची जबाबदारी होती. आपण आज दिवसभर मोबाइलवर उपदेश ऐकतो, पण आपल्याच मुलाशी शास्त्रातल्या एका वचनावर पाच मिनिटं बोलत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ मध्ये ५० घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमावा असा कायदा झाला, तोही याच ध्यासातून: मुलाला पवित्र शास्त्र स्वतः वाचता आलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये यादवी युद्धात गेलेली राजसत्ता १६६० साली परत आली आणि १६६२ मध्ये प्रार्थनापुस्तक सक्तीचं करणाऱ्या नव्या कायद्याने सुमारे २,००० पाळकांना मंडळी सोडावी लागली. बॅक्स्टरही चर्च ऑफ इंग्लंडमधून बाहेर पडला. आयुष्याच्या उतारवयात त्याने तुरुंगही पाहिला.

अमेरिकेत मात्र सत्ता त्यांच्याच हातात होती, आणि तिथे त्यांचा इतिहास काळवंडतो. हे झाकून चालणार नाही. मेरी डायर या क्वेकर, म्हणजे प्युरिटनांना नको असलेल्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, बाईला १६६० मध्ये बोस्टनला फाशी दिली, का तर हद्दपार केलेली असूनही ती परत आली. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं. त्या न्यायाधीशांत सॅम्युएल सूअल होता.

२४ डिसेंबर १६९६ रोजी त्याच्या मुलाने, सॅमने, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातली वचनं त्याला लॅटिनमध्ये म्हणून दाखवली. त्यात सातवं वचन होतं: मला दया हवी, यज्ञ नको, याचा अर्थ तुम्हाला कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं. हे ऐकून सेलमची आठवण मनाला भिडली, असं सूअलने रोजनिशीत टिपलं. फाशीच्या निर्णयात त्याचाही वाटा होता, आणि त्याच्यासमोर त्याचाच मुलगा वचन म्हणत होता.

तीन आठवड्यांनी, जानेवारी १६९७ मधल्या उपासाच्या दिवशी, बोस्टनच्या साउथ चर्चमध्ये पाळक विलर्ड बाकांच्या बाजूने जात असताना सूअलने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. सेलमचा दोष आणि त्याची लाज मी स्वतःवर घेतो, असं तिच्यात लिहिलेलं होतं. पाळकांनी ती मोठ्याने वाचली. वाचून होईपर्यंत न्यायाधीश सगळ्या मंडळीसमोर आपल्या जागी उभा होता, आणि शेवटी त्याने मान लववली.