निओ मेट्रोतलं ‘निओ’ आलं कुठून?

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एखाद्या रिक्षावाल्याला “नवीन नाशिकला येता का?” असं विचारून बघा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग म्हणेल, “सिडको ना?” महापालिकेच्या सहा विभागांपैकी एका विभागाचं कागदोपत्री नाव ‘नवीन नाशिक’ आहे खरं, पण ते कागदावरच.

‘निओ’चं नशीब सध्या तरी याहून बरं. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले आणि हा शब्द पानटपरीपर्यंत पोचला. रबरी टायरांवर धावणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी गाडी, म्हणून ती निओ मेट्रो. गाडी अजून धावलेली नाही. नाव मात्र फिरतंय.

शब्द ग्रीक. मूळ ‘नेओस’, म्हणजे नवा, तरुण. ग्रीकात मधला ‘व’ गळाला. संस्कृतात तो टिकला आणि ‘नव’ झाला, लॅटिनात ‘नोवुस’. नवरोजमधलं फारसी ‘नव’ही याच घरातलं. म्हणजे निओ हा आपल्या ‘नव’चा चुलतभाऊच. तरी ‘नवमेट्रो’ असं कुणी म्हणत नाही, कारण भाऊ परदेशात राहून आला की त्याचा मान वाढतो.

शास्त्रज्ञांनी त्याला भरपूर राबवलं. १८६५ साली जॉन लबकने ‘निओलिथिक’ हा शब्द घडवला, तोच आपला नवाश्मयुग. १८९८ मध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना नवा वायू सापडला, तेव्हा रॅम्सेच्या तेरा वर्षांच्या मुलाने ‘नोवुम’ हे नाव सुचवलं. बापाने त्याचं ग्रीक रूप केलं आणि दुकानांच्या पाट्यांतला ‘निऑन’ जन्मला. रुग्णालयात हा उपसर्ग एका मजल्यावर गोड, दुसऱ्यावर कडू. ‘निओनेटल’ म्हणजे नवजात बाळाचं, पण तपासणीच्या अहवालात ‘निओप्लाझम’ आलं की ती शरीरात उगवलेली नवी गाठ.

डॉक्टरी हिशेबात बाळाचं नवजातपण २८ दिवसांचं. आपली म्हण एवढीही सवलत देत नाही: नव्याचे नऊ दिवस. या म्हणीतली गंमत संस्कृतात शिरल्यावर कळते, कारण तिथे ‘नव’ म्हणजे नवाही आणि नऊही. मराठीने नवा आणि नऊ वेगळे केले, पण जोडशब्दांत घोळ राहिलाच. नवरात्रात नऊ, नववधूत नवी. नाशिकच्या नावाबद्दलही ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असं जुनं वचन आहे. तिथे टेकड्या नऊ आहेत, नव्या नव्हेत. आणि ‘नवरा’ हा तर ‘नववर’ झिजून झालेला. संसाराला पन्नास वर्षं झाली तरी बिचारा नवराच!

याच उपसर्गाला दुसरीही छटा आहे: जुनंच, पण नव्याने उभं केलेलं. ‘नवबौद्ध’ हा शब्द त्या वळणाचा, आणि त्याची एक वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांनी ‘नवयान’ म्हटलं होतं, ते एका विचाराचं नाव होतं. सरकारी योजनांच्या कागदावर मात्र ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ ही जोडी माणसांना चिकटली, ती आजही आहे. दीक्षा घेतलेल्या आजोबांचा नातू अर्ज भरतो, तेव्हाही तो ‘नव’च. ज्यांना हे खटकतं ते सरळ ‘बौद्ध’ लिहितात, आणि मला ते रास्त वाटतं.

राहता राहिलं नवीन नाशिक. सिडको या सरकारी महामंडळाने इथे टप्प्याटप्प्याने घरांच्या योजना उभारल्या. पुढच्या वसल्या तसा आधीचा भाग ‘जुने सिडको’ झाला. त्यामुळे तिथल्या कुरिअरवर पत्ता असाही येतो: जुने सिडको, नवीन नाशिक.