भरपाई आणि सुरक्षा: एकत्र आणण्याआधी विचारायचं कुणाला?

अपघात झाल्यावर कामगाराला भरपाई देणारं मंडळ आणि अपघात होऊ नयेत म्हणून कारखाने तपासणारी यंत्रणा एकत्र करायचा प्रस्ताव आला, की मालक आणि कामगार संघटनांची मतं मागवली जातात. वरवर हा उपचार वाटतो, पण त्यामागे एक जुना सौदा आहे.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात न्यायमूर्ती विल्यम मेरेडिथ यांनी कारखानदार आणि कामगार संघटना अशा दोघांचंही म्हणणं ऐकून १९१३ मध्ये अंतिम अहवाल दिला. कामगाराने मालकाला कोर्टात खेचायचा हक्क सोडायचा; त्याबदल्यात चूक कुणाची हे न बघता त्याला भरपाई मिळणार. पैसा मालकांच्या वर्गणीतून, निवाडा स्वतंत्र मंडळाकडे. १ जानेवारी १९१५ पासून ही पद्धत सुरू झाली. कारखान्यांची तपासणी मात्र सरकारी निरीक्षकांकडेच राहिली. एकाने पैसा घातला, दुसऱ्याने हक्क सोडला. मग मंडळाची रचना दोघांना न विचारता बदलायची कशी?

जर्मनीत १८८४ च्या कायद्याने विमा आणि अपघात टाळण्याचे नियम ही दोन्ही कामं एकाच प्रकारच्या संस्थांकडे दिली. त्या मालकांच्या हातात होत्या. कारभारात कामगारांना बरोबरीचा वाटा मिळाला तो थेट १९५१ मध्ये.

एकत्रीकरणाच्या बाजूचा मुद्दा बिनतोड आहे. कुठल्या यंत्रावर बोटं तुटतात, हे भरपाईच्या फायलींत आधी दिसतं. निरीक्षकाने तिथेच जावं. कॅनडातल्याच न्यू ब्रन्सविक प्रांताने १९९५ मध्ये दोन्ही संस्था एक केल्या. पण सल्लामसलतीत गाडी अडते ती पैशावर आणि कागदांवर. आपल्याच वर्गणीतून आपल्याच दारात निरीक्षक का, असं मालक विचारतात. संघटनांची भीती वेगळी, आणि मला ती जास्त खरी वाटते: दावा दाखल होताच तपासणी येणार असेल, तर कामगारावर दावाच न करण्याचा दबाव येईल.

ओंटारिओचा पुढचा प्रवास तर येरझाराच म्हणायला हवा. १९९८ मध्ये अपघात-प्रतिबंधाचं काम भरपाई मंडळाकडे आलं. २४ डिसेंबर २००९ ला टोरंटोत उंच इमारतीवरचा झुलता मचाण तुटून चार कामगार गेले. त्यानंतर टोनी डीन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिच्यात कामगार आणि मालक या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी होते. तिच्या शिफारशींवरून प्रतिबंधाचं काम २०१२ मध्ये श्रम मंत्रालयाकडे गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने तर एकत्र केलेली संस्था पुन्हा फोडली. विमा चालवणं, त्याच विम्यावर देखरेख ठेवणं आणि कारखाने तपासणं हे सगळं ‘वर्कव्हर’कडे होतं. यात हितसंबंधांचा गुंता होतो, हा आक्षेप विधिमंडळाच्या समितीपर्यंत पोहोचला. २०१५ मध्ये ‘वर्कव्हर’चे तीन भाग झाले: विमा ‘आयकेअर’कडे, देखरेख ‘सिरा’कडे, तपासणी ‘सेफवर्क’कडे.