हाताने ढकलायची दुर्बीण : डॉबसोनियनची पार्श्वभूमी

हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये सध्या बोलबाला आहे तो ‘स्मार्ट’ दुर्बिणींचा. मोबाइलवर तेजोमेघाचं नाव निवडायचं, की दुर्बीण आपली आपण वळते, फोटो काढत राहते आणि काही मिनिटांत रंगीत चित्र पडद्यावर येतं. या यंत्रांचं कौतुक व्हायलाच हवं. पण सर्वसामान्य माणसाला मोठी दुर्बीण मिळवून देणारा बदल मोटर आणि संगणकाशिवाय झाला. प्लायवूडची पेटी, पुठ्ठ्याची नळी, टेफ्लॉनचे चार-सहा तुकडे एवढंच त्याचं साहित्य. आणि तो घडवला कॅलिफोर्नियातल्या एका वेदान्त आश्रमातल्या साधूने. त्याचं नाव जॉन डॉब्सन, आणि त्याच्यावरूनच या दुर्बिणीला डॉबसोनियन म्हणतात.

आधीचा काळ थोडक्यात सांगायला हवा. दुर्बीण घरी बनवायची परंपरा जुनी आहे. 13 मार्च 1781 रोजी युरेनस सापडला तो इंग्लंडमधल्या बाथ गावी, विल्यम हर्शेल या संगीतकाराच्या घरामागच्या बागेत, त्याने स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून. अशा दुर्बिणीत प्रकाश गोळा करतो तो खोलगट आरसा, आणि त्या काळचे आरसे तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे असत. ते लवकर काळवंडत, आणि पुन्हा पॉलिश करायचं म्हणजे आरशाचा आकार नव्याने घडवणंच असे. 1850च्या दशकात काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत आली आणि हे संकट टळलं. थर काळा पडला तर धुऊन टाका, नवा चढवा. काचेचा आकार जसाच्या तसा. त्याच सुमारास फ्रान्सच्या लिऑन फूकोने आरशाची वक्रता तपासण्यासाठी एक चाचणी दिली. तिला एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं पुरतं. माझ्या मते हौशी माणसासाठी हीच सगळ्यात मोठी भेट होती, कारण कारखान्याशिवाय, घरच्या खोलीत, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान चूक डोळ्यांना दिसायला लागली.

तरीही हे ज्ञान मोजक्या लोकांपाशीच राहिलं. ते पसरलं अमेरिकेत, व्हर्माँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या यंत्रकामगारांच्या गावात. रसेल पोर्टर हा उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला माणूस, चित्रकारही. 1920 मध्ये त्याने गावातल्या लोकांना आरसे घासायला शिकवलं. बहुतेक शिष्य मशीनच्या कारखान्यांत काम करणारे, त्यामुळे अचूकपणा त्यांच्या हातातच होता. 1925 च्या नोव्हेंबरमध्ये अल्बर्ट इंगॉल्सने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात या गावाबद्दल लिहिलं आणि देशभरातून विचारणा सुरू झाली. दुर्बीण बनवणाऱ्यांचं संमेलन तिथे 1926 पासून भरू लागलं. पोर्टरला पुढे पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीच्या कामासाठी कॅलिफोर्नियात बोलावून घेतलं, यावरून त्याची योग्यता कळावी.

हे घासकाम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. दोन गोल, जाड काचा घ्यायच्या. एक भक्कम टेबलावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी टाकायचं, दुसरी काच वर ठेवून दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवायची. काही फेऱ्या झाल्या की टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं आणि वरची काचही जराशी वळवायची. असं करत गेलं की वरची काच मध्यभागी झिजून खोलगट होते आणि खालची फुगीर. दोन पृष्ठभाग कुठूनही एकमेकांवर सरकवले तरी चपखल बसायचे असतील तर ते गोलाकारच असावे लागतात, म्हणून गोलाची वक्रता आपोआप मिळते. मग बारीक, आणखी बारीक पूड, शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाच्या, थरावर सिरियम ऑक्साइड लावून पॉलिश. खरी परीक्षा यानंतर असते, कारण दुर्बिणीला गोल चालत नाही, पॅराबोला, म्हणजे सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा वक्र, लागतो. 6 इंची, 1200 मिलिमीटर फोकल लेंथच्या (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराच्या) आरशात या दोन आकारांमधला फरक कडेला मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकाही नसतो. फूकोच्या चाचणीत तो स्पष्ट दिसतो. इतका, की आरशावर अंगठा काही सेकंद टेकवला तरी उष्णतेने काच फुगते आणि तिथे टेकाड उठलेलं दिसतं.

आरसा असा घरी होत होता. अडचण पुढची होती, त्याला उभं करण्याची.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. चंद्राच्या व्यासाइतकं अंतर, म्हणजे अर्धा अंश, ते सुमारे दोन मिनिटांत पार करतात. एकाच आसावर दुर्बीण फिरवून त्यांचा पाठलाग करायचा तर तो आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला हवा. पुण्यात तो जमिनीशी साडेअठरा अंशांचा कोन करेल, सॅन फ्रान्सिस्कोत जवळपास अडतीस अंशांचा. अशा तिरक्या आसावर जड नळी तोलायची म्हणजे लोखंडी खांब, दुसऱ्या बाजूला वजनं, दाते असलेली चाकं आणि घड्याळासारखी चालणारी मोटर. आरसा 6 इंचांवरून 12 इंचांवर नेला की प्रकाश चौपट मिळतो, पण माउंटचं, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या या बैठकीचं, वजन आणि खर्च त्याहून झपाट्याने वाढतात. म्हणून हौशी माणूस 6 किंवा 8 इंचांवर थांबायचा. असा तिरक्या आसाचा, म्हणजे विषुववृत्तीय, माउंट हवाच, हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

जॉन डॉब्सनचा जन्म 1915 मध्ये पेकिंगचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा. घरातली मंडळी 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आली. बर्कलीला रसायनशास्त्र शिकून 1944 मध्ये तो तिथल्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला. ही सोसायटी रामकृष्ण परंपरेतली, आणि प्रमुख होते स्वामी अशोकानंद. वेदान्त आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड घालण्याचं काम त्यांनी डॉब्सनकडे सोपवलं. विश्वाविषयी वाचायचं, विचार करायचा; पण विश्व नुसतं पुस्तकातून कसं कळणार, असं त्याला वाटू लागलं. 1956 मध्ये भंगारातलं दोन इंची भिंग आणि जुन्या द्विनेत्रीची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, जोडून त्याने पहिली दुर्बीण केली. तीतून शनीची कडी दिसली. मग एका गुरुबंधूकडून कळलं की आरसा स्वतः घासता येतो. जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच मिळाली आणि तिचा 12 इंची आरसा झाला. त्यातून अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र पाहिल्यावर त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हे सगळ्यांनी बघायला हवं. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं आहे.

1958 पासून तो सॅक्रामेंटोच्या आश्रमात होता. मठात पैसा नाही, आणि दुर्बिणी करायची परवानगीही नाही. त्यामुळे टाकाऊ काचा, पुठ्ठ्याच्या नळ्या, फळ्यांचे तुकडे जे मिळेल ते तो वापरायचा. दुर्बीण तयार झाली की रात्री ती चाकांवर घालून आश्रमाबाहेर न्यायचा आणि वस्तीतल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आकाश दाखवायचा. मदत करणाऱ्यांशी पत्रव्यवहार सांकेतिक भाषेत चाले. दुर्बीण म्हणजे ‘जिरेनियम’. नळी आणि पेटी जोडून झाली की जिरेनियम कुंडीत लावलं, आणि आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढला की जिरेनियमला फूल आलं! 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. तेवीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाजवळ बाहेर पडताना पैसा नव्हता, आणि हातात कला मात्र पक्की होती.

आता त्या पेटीकडे वळू. डॉब्सनने तिरका आस सोडून दिला आणि तोफेसारखी साधी रचना घेतली. दुर्बीण आडवी फिरते आणि वर-खाली होते, एवढंच. नळीच्या दोन्ही बाजूंना, तोल जिथे सांभाळला जातो तिथे, दोन मोठ्या गोल चकत्या. त्या पेटीच्या कडांवर टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकतात. पेटीच्या तळाला फॉर्मायकाचा पत्रा, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तो, आणि तोही टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांवर. यातली खुबी घर्षणात आहे. एरवी स्थिर वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि हलल्यावर कमी, म्हणून जड वस्तू आधी अडते आणि मग एकदम पुढे जाते. तारा नेमका तेव्हाच दृश्यक्षेत्राबाहेर पळतो. टेफ्लॉन आणि फॉर्मायकाच्या जोडीत हे दोन जोर जवळपास सारखे असतात. एका बोटाने ढकललं की मोठी नळी हळूच सरकते, बोट काढलं की तिथेच थांबते. स्क्रू आवळणं नाही, ब्रेक लावणं नाही.

आरशाबाबतही त्याने रूढ नियम मोडला. आरशाची जाडी व्यासाच्या एक षष्ठांश असावी असं सांगितलं जाई. डॉब्सनने पातळ काचा वापरल्या आणि त्यांना मागून नीट आधार दिला. पातळ काच स्वस्त मिळते, हलकी असते आणि रात्रीच्या गारव्यात लवकर थंड होते.

1968 मध्ये त्याने दोन तरुण सहकाऱ्यांबरोबर ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ सुरू केली. जॅक्सन आणि ब्रॉडरिक रस्त्यांच्या कोपऱ्यावर दुर्बीण मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून चंद्र, शनी दाखवायचे. सुट्टीत हीच मंडळी 24 इंची दुर्बीण घेऊन राष्ट्रीय उद्यानांत जात. ज्या काळात 12 इंची दुर्बीणही चैन मानली जाई, त्या काळात रांगेतला कोणीही पोरगा 24 इंची आरशातून दीर्घिका बघत होता. डॉब्सनने रचनेचं पेटंट घेतलं नाही. स्वतःचं नाव तिला जोडलं जावं यातही त्याला रस नव्हता. जानेवारी 2014 मध्ये, 98 व्या वर्षी तो गेला.

उत्पादकांनी ही रचना लगेच उचलली नाही. 1970 मध्ये सेलेस्ट्रॉनची नारिंगी रंगाची 8 इंची श्मिट-कॅसेग्रेन, म्हणजे आरसे आणि भिंग दोन्ही असलेली आखूड नळीची दुर्बीण, आली होती, आणि आटोपशीर, मोटरवर चालणारी, फोटोला सोयीची म्हणून ती लोकप्रियही होती. ती चांगलीच दुर्बीण होती, महाग होती इतकंच. 1980 मध्ये कुल्टर ऑप्टिकल या कंपनीने 13.1 इंची डॉबसोनियन बाजारात आणली आणि मोठा आरसा पगारदार माणसाच्या आवाक्यात आला. त्यानंतरच्या दशकात नळीच्या जागी सुटे होणारे दांडे आले, त्यामुळे 18-20 इंची दुर्बीणही गाडीत मावू लागली.

या सगळ्याला एका आयपीसने जी साथ दिली तिचा उल्लेख सहसा होत नाही. अल नेग्लर हा अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी प्रकाशयंत्रणा आखणारा माणूस. अंतराळवीरांना खिडकीबाहेरचं विस्तीर्ण दृश्य खरं वाटायला हवं, हे त्याचं काम होतं. ते डोक्यात ठेवून त्याने 1980 च्या सुमारास 82 अंशांचं दृश्यक्षेत्र असलेली आयपीस काढली. नेहमीची आयपीस 50 अंशांच्या आसपास देते. डॉबसोनियन हाताने सरकवावी लागते, त्यामुळे क्षेत्र जितकं रुंद तितका ग्रह जास्त वेळ समोर राहतो. 100 पट वर्धनाला 50 अंशांच्या आयपीसमधून तारा दोन मिनिटांत निसटतो, 82 अंशांच्या आयपीसमध्ये तीन मिनिटांहून जास्त टिकतो. मागे रांग उभी असते तेव्हा हा सव्वा मिनिट फार मोलाचा असतो.

महाराष्ट्रात हौशी खगोलशास्त्र याच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची. मुंबईत 1985 मध्ये, हॅलेचा धूमकेतू येण्याच्या तोंडावर, खगोल मंडळ स्थापन झालं आणि कर्जत मार्गावरचं वांगणी आकाशदर्शनासाठी घराघरात माहीत झालं. त्या काळी परदेशी दुर्बीण आणणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यामुळे आरसा घासणं ही इथे हौसेइतकीच गरजही होती. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःचे आरसे घासले आणि ते बसवायला पेटी केली ती डॉबसोनियनच. गावातल्या सुताराला आकृती दाखवली तर तो ती करून देऊ शकतो. विषुववृत्तीय माउंटसाठी लेथवाला शोधावा लागतो.

पेटीची उणीवही खरी आहे. तिच्यावर दीर्घ एक्स्पोजरचा फोटो निघत नाही. तारा सरकतो ही अर्धी अडचण. मोटर लावून दोन्ही दिशांनी पाठलाग केला तरी दृश्यक्षेत्र हळूहळू गोल फिरतं आणि कडेच्या ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून फोटो काढणारे ध्रुवाकडे रोखलेल्या माउंटकडेच राहिले. 1992 मध्ये मीड कंपनीच्या एलएक्स-200 या दुर्बिणींच्या मालिकेने संगणकाने वस्तू शोधणं लोकप्रिय केलं, फिल्मची जागा सीसीडी या इलेक्ट्रॉनिक सेन्सरने घेतली, तरी ही वाटणी कायम होती.

ती मोडली अलीकडे. 2023 मध्ये आलेली झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस-50 ही स्मार्ट दुर्बीण घ्या. भिंग अवघं 50 मिलिमीटर, फोकल लेंथ 250, आणि सेन्सर सोनीच्या ज्या मालिकेतला आहे ती अंधारात बघणाऱ्या सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी विकसित झालेली. ती दहा-दहा सेकंदांचे फोटो काढते, प्रत्येक फोटोतल्या ताऱ्यांची रचना ओळखून तो योग्य कोनात फिरवते आणि आधीच्यावर रचते. क्षेत्र फिरण्याची अडचण गणिताने सुटली, त्यामुळे ध्रुव शोधायची गरज नाही. ट्रायपॉड सपाट जमिनीवर ठेवायचा, आडवं आणि उभं फिरायचं, झालं. डॉब्सनच्या पेटीच्या त्याच दोन हालचाली आहेत या. आणि ठाण्या-डोंबिवलीच्या गच्चीवरून, दिव्यांच्या उजेडात, ती मृग नक्षत्रातला तेजोमेघ रंगांसह दाखवते, जे 8 इंची डॉबसोनियनला तिथून जमत नाही.

शाळेने एकच दुर्बीण घ्यायची असेल तर कोणती, असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी 8 इंची डॉबसोनियन सांगतो. सीस्टारच्या सेन्सरवर शनी कड्यांसकट सतरा-अठरा पिक्सेलचा उमटतो. 8 इंची आरशाला डोळ्यापेक्षा सुमारे 800 पट प्रकाश मिळतो, आणि 150 पट वर्धनाला कडी ग्रहापासून सुटी दिसतात, हवा शांत असेल तर कड्यांमधली कॅसिनीची फटसुद्धा. आणि दहा वर्षांनी सेन्सर, ॲप, बॅटरी यांतलं काय चालू असेल ते सांगता येत नाही. आरशाचा थर खराब झाला तर तो उतरवून नवा चढवता येतो.