मूलच हात उगारतं तेव्हा समुपदेशकाला काय शिकवायचं?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमधली किंवा वाशीच्या सिडको वसाहतीतली एखादी आई पंधरा वर्षांच्या मुलाचा मार खात असेल, तर ती दाद कुठे मागणार? शाळेच्या समुपदेशकाला ती मुलाचं अभ्यासात लक्ष नसल्याचं सांगते. डॉक्टरला सांगते, दार लागलं. खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "लाड जास्त झाले का?" दुसऱ्यांदा ती जात नाही.

दोष एकट्या समुपदेशकाचा नाही, त्याच्या शिक्षणाला इतिहास आहे. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्ये मुंबईत सुरू केलं. तिथून पुढे या कामात मूल हे ज्याला समजून घ्यायचं, जपायचं असं माणूस राहिलं, आणि ते योग्यच होतं. पुढे याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. तिथे बाई नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाची तक्रार घेऊन येई. एका परंपरेने मुलाला वाचवायला शिकवलं, दुसरीने बाईला. पोटच्या पोराच्या भीतीने जगणारी आई या दोन्हींच्या मधे अडकते.

कायद्यातही तेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या निर्वाह कायद्यात 'मुले' या व्याख्येतून अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, मुलं वगळलेली आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याची व्याख्या 'प्रौढ पुरुष' अशी होती. २०१६ मध्ये हिरल हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले आणि निकालात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा उल्लेखही केला. म्हणजे आईला कागदावर वाट मिळाली. वडिलांना नाही, कारण तो कायदा स्त्रियांसाठी आहे. पण खरं सांगायचं तर आईला हवा असतो तो मार थांबायला, मुलाविरुद्ध आदेश नव्हे.

परदेशात हा विषय वैद्यकीय नियतकालिकात आला तो १९७९ मध्ये. हार्बिन आणि मॅडन या अमेरिकी संशोधकांनी मुलांकडून मार खाणाऱ्या पालकांवर लेख लिहिला. पालक गोष्ट लपवतात, मूल घरातलं सत्ताधारी होतं, ही निरीक्षणं आजही जुनी वाटत नाहीत. १९९७ मध्ये सिएटलच्या किंग काउंटीत कोर्टात आलेल्या किशोरांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी 'स्टेप-अप' हा समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू झाला. ब्रिटनच्या गृहखात्याने कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली ती थेट २०१५ मध्ये. त्याआधी कॉन्ड्री आणि माइल्स या संशोधकांनी किशोरांनी पालकांवर केलेल्या हिंसेच्या, लंडन पोलिसांकडच्या एका वर्षातल्या १,८९२ नोंदी तपासल्या होत्या. ८७ टक्के संशयित मुलगे, ७७ टक्के पीडित स्त्रिया. मार कोण खातं, हे त्यावरून कळावं.

मला यातलं सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं ते तेल अवीवमधलं काम. हाइम ओमेर या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी पालकांसाठी जी पद्धत बसवली, तिचा पाया गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा अहिंसक प्रतिकार. २००४ मध्ये तिच्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पालक मुलाला शांतपणे लेखी कळवतात, यापुढे घरात मारहाण सहन करणार नाही, आणि आम्हीही हात उचलणार नाही. दांडीला निघण्याआधी २ मार्च १९३० रोजी गांधींनी व्हाइसरॉयला पत्र पाठवलं होतं, त्याची आठवण होते. मग पालक मुलाच्या खोलीत शांत बसतात, न ओरडता, त्याच्याकडून एखादा तोडगा येण्याची वाट पाहत. आपण म्हणतो, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घे. इथे शिकवतात ते उलट: तवा निवला की मगच बोला.

तिसरा भाग सर्वात कठीण, आणि आपल्याकडे तर फारच. गुपित फोडायचं. मामा, मावशी, शेजारी, क्लासचे सर यांना सांगायचं आणि त्यांनी मुलाला फोन करून म्हणायचं, "काय झालं ते कळलं, तू आमचा आहेसच, पण हे चालणार नाही." आपल्याकडे नातेवाइकांची वाण नाही. अडचण अशी की मावशी मुलाशी बोलण्याआधी बहिणीला सुनावते. तेव्हा प्रशिक्षण आईइतकंच मावशीला तयार करण्याचं असायला हवं. परदेशी साहित्य जसंच्या तसं उचलून हे जमणार नाही.

ठाण्यात मनाच्या कामाची परंपरा आहे. मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था १९९० पासूनची. तेव्हा शिकवायला माणसं नाहीत, असं नाही. शिकणाऱ्याने आधी काय विचारायचं, हा खरा मुद्दा. घरात पूर्वी बाप मारत होता का? मुलाला ऑटिझम किंवा एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) आहे का? धाकटं भावंड कुठे झोपतं? चाकू, लोखंडी वस्तू हाताशी आहेत का? यातला शेवटचा प्रश्न विचारायला नवखा समुपदेशक हमखास कचरतो.

आणि प्रश्न पोलिसांचा. पालक ११२ लावत नाहीत, कारण पोरगं कोठडीत जाईल, आयुष्याची वाट लागेल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. २०१६ च्या नियमांनुसार घोर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआर नव्हे, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. हे आईला फोन लावण्याच्या रात्री नव्हे, पहिल्या भेटीतच सांगायचं.