मोठं टेडी मांडीवर घेऊनच शिवायचं?

‘टेडी मांडीवर घेऊन, वाकून शिवलं तरच टाके घट्ट बसतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. टाका घट्ट बसतो तो मजबूत दुहेरी दोऱ्यामुळे आणि दर 3-4 टाक्यांनी दोरा ओढून घेतल्यामुळे. वाकल्याने फक्त मान धरते. माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं. ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंवरचा ताण कितीतरी वाढतो.

3 फुटी अस्वल टेबलावर आडवं ठेवा, खाली उशी सरकवा, शिवण कोपराच्या जरा वर येऊ द्या. कापूस भरून पाठ बंद करताना तर आपण मुळीच वळायचं नाही, अस्वलालाच फिरवायचं. माझ्या आईची मान अशीच कायमची धरली, म्हणून कळकळीने सांगते. आणि हो, पाय जमिनीला टेकलेले हवेत.